पिस्तूल व रिव्हॉल्व्हर, स्त्रियांच्या आत्मसंरक्षणार्थ

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर, स्त्रियांच्या आत्मसंरक्षणार्थ : एका हाताने धरून चालविता येणारे, अंगावरील वस्त्रांत किंवा हातातील पिशवीत झाकून नेता येण्याजोगे आणि स्वतःच्या जीविताचे रक्षण एवढ्याच हेतूने परवान्यावर बाळगलेले लहान अग्निशस्त्र. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीमागे कोठ्यांचे फिरते चक्र असते व प्रत्येक कोठीत एक काडतूस बसते. पिस्तुलात काडतुसे मुठीच्या पोकळीतील मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेली असतात व उडालेल्या काडतुसाच्या शक्तीनेच पुढील काडतूस नळीत चढते. बोलभाषेत या दोहोंनाही पिस्तूल म्हणण्याचा प्रघात आहे. निवड करताना मात्र हा भेद महत्त्वाचा ठरतो.

स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या शस्त्राचे वर्णन बहुधा त्याच्या हलकेपणावरून केले जाते. हा निकष अपुरा आहे, इतकेच नव्हे तर पुष्कळदा तो दिशाभूल करणारा आहे. शस्त्र हलके केल्याने ते बाळगणे सोपे होते व चालविणे अवघड होते. शिवाय भारतात निवडीचा पहिला टप्पा दुकानात येतच नाही. कोणत्या व्यासाचे शस्त्र कायद्याने बाळगता येते, परवाना कोणत्या कारणासाठी मिळतो आणि तो कोणाच्या नावावर असतो, या तीन गोष्टींनी निवडीचे क्षेत्र आधीच आखलेले असते.

इतिहास : खिशात मावणाऱ्या पिस्तुलांचा प्रसार एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत झाला. फिलाडेल्फिया येथील कारागीर हेन्री डेरिंजर याने बनविलेली एकबारी पिस्तुले इतकी लोकप्रिय झाली की, त्याचे नाव सर्वच छोट्या पिस्तुलांना लागले. एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांची हत्या अशाच एका पिस्तुलाने झाली. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८८७ पासून बाहेर घोडा न दिसणारे व मुठीवर पक्की पकड असल्याशिवाय न उडणारे रिव्हॉल्व्हर बनविले. बाहेर आलेला घोडा खिशाच्या कापडात अडकतो, ही अडचण त्यात दूर केली होती. याच कंपनीचे ‘लेडीस्मिथ’ हे ·२२ व्यासाचे सात गोळ्यांचे चिमुकले रिव्हॉल्व्हर १९०२ ते १९२१ या काळात निघत असे. स्त्रियांचे शस्त्र म्हणून नाव घेऊन बाजारात आलेल्या पहिल्या काही शस्त्रांत त्याची गणना होते. जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यावरून बेल्जियममध्ये तयार झालेले ६·३५ मिमी. चे पिस्तूल १९०६ च्या सुमारास आले. ते तळहाताएवढे असून त्याच्या असंख्य नकला यूरोपात निघाल्या.

भारतात १८७८ च्या शस्त्र अधिनियमानंतर सामान्य प्रजेला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईना. त्यामुळे लहान पिस्तुलाचा येथील प्रारंभीचा इतिहास आत्मसंरक्षणापेक्षा क्रांतिकार्याशी अधिक निगडित आहे. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आणलेल्यांपैकी होते. ऑक्टोबर १९३० मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर झालेल्या गोळीबारात दुर्गादेवी व्होरा (दुर्गाभाभी) यांचा प्रत्यक्ष सहभाग होता. डिसेंबर १९३१ मध्ये कोमिल्ला येथे शांती घोष व सुनीती चौधरी या शाळकरी मुलींनी जिल्हा दंडाधिकाऱ्यावर पिस्तुले झाडली. अंगावरच्या वस्त्रांत शस्त्र झाकून नेण्याची अडचण व सोय या दोन्ही गोष्टी या स्त्रियांनी तेव्हाच अजमावल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर १८७८ च्या अधिनियमाची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली व तो १९६२ मध्ये अंमलात आला. त्याखालील नियम २०१६ मध्ये नव्याने करण्यात आले.

कायद्याची चौकट : १९५९ च्या अधिनियमाच्या तेराव्या कलमात बंदूक व पिस्तूल यांत मूलभूत फरक केलेला आहे. किमान वीस इंच (सु. ५१ सेंमी.) लांब नळीची गुळगुळीत अंतर्भागाची बंदूक संरक्षण वा क्रीडा यांसाठी, किंवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली असता, नाकारण्याजोगे कारण नसल्यास परवाना द्यावयाचा असतो. इतर सर्व बाबतींत, म्हणजे पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्या बाबतीत, अर्जदारास सबळ कारण असल्याची परवाना-अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. व्यवसायाचे स्वरूप, रात्रीअपरात्री करावा लागणारा प्रवास, मोठ्या रकमेची ने-आण, पूर्वी झालेला हल्ला किंवा पोलिसांत नोंदलेली धमकी अशा गोष्टी येथे विचारात घेतल्या जातात. नुसती भीती वाटते, एवढे सांगून परवाना मिळत नाही.

कोकणातील उदाहरणावरून हा फरक चांगला कळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील जामसंडे हे हापूस आंब्याच्या बागांचे गाव. तेथे व आसपासच्या गावांत बंदूक ही अपरिचित वस्तू नाही. वानर, माकडे, रानडुकरे व जिल्ह्याच्या काही भागांत गवारेडे यांपासून बाग व शेत राखण्यासाठी परवान्याच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या घरांत आहेत. पण त्या शेतीसंरक्षणाच्या आहेत. त्यांचा परवाना जमिनीशी जोडलेला असतो, जमीन सातबाराच्या उताऱ्यावर बहुधा पुरुषाच्या नावाने असते आणि म्हणून बंदूकही त्याच्याच नावावर राहते. घरात दोन पिढ्या बंदूक असूनही घरातील स्त्रीला शस्त्राचा कसलाच कायदेशीर अधिकार नाही, अशी स्थिती त्यामुळे सर्रास आढळते. शेतीसंरक्षणाची बंदूक परवान्यात दिलेल्या क्षेत्राबाहेर स्वसंरक्षणासाठी घेऊन फिरणे हाही परवान्याच्या अटींचा भंग होय.

पिस्तुलाच्या परवान्याला मात्र सातबारा लागत नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे अधिनियमाच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. ही तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. नावावर काही नसलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात व अठराव्या कलमाखाली अपीलही करता येते. अर्जदाराचे वय एकवीस वर्षे पूर्ण असावे लागते. अर्ज विहित नमुन्यात (ए-१) परवाना-अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत हा अधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी होय. जामसंड्याच्या अर्जदाराचे प्रकरण त्यामुळे ओरोस येथील जिल्हा मुख्यालयात जाते व चौकशीचा अहवाल देवगडच्या पोलीस ठाण्याकडून मागविला जातो. शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था यांची पूर्तता २०१६ च्या नियमांनुसार करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली व एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली.

परवाना व्यक्तीला मिळतो, घराला नव्हे. पतीच्या नावावरील रिव्हॉल्व्हर रात्रीच्या प्रवासात पत्नीने पर्समध्ये टाकून नेणे हा अपराध आहे, मग तिला धोका कितीही खरा असो. परवान्यात तिचे नाव कायदेशीर रीतीने अंतर्भूत नसेल, तर त्या शस्त्रासह सापडलेली स्त्री विनापरवाना शस्त्र बाळगणारी ठरते व पतीचा परवानाही धोक्यात येतो. हा गैरसमज सुशिक्षित कुटुंबांतही पक्का रुजलेला दिसतो.

शस्त्र झाकून बाळगण्यासाठी अमेरिकेतील अनेक राज्यांत वेगळा परवाना घ्यावा लागतो. भारतात स्थिती जवळजवळ उलट आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते त्यासाठी बनविलेल्या म्यानात (होल्स्टरमध्ये) किंवा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे, असा २०१६ च्या नियमांचा दंडक आहे. ते दाखवीत फिरणे, परजणे किंवा समारंभात बार काढणे निषिद्ध आहे. इतरांच्या जीवितास धोका होईल अशा रीतीने निष्काळजीपणे वा जल्लोषात गोळी झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने ठेवल्या आहेत.

उपलब्ध शस्त्रे : सैन्य व पोलीस यांच्या वापरातील काडतुसे ज्यांत चालतात अशी शस्त्रे सामान्य नागरिकास मिळत नाहीत. ९ मिमी. ची पिस्तुले आणि ·३८ व ·४५५ व्यासांची हातशस्त्रे या निषिद्ध व्यासांत मोडतात. जगभर आत्मसंरक्षणासाठी सर्वाधिक खपणारे ९ मिमी. चे पिस्तूल त्यामुळे येथे विचारातच घेता येत नाही. उरतात ती मुख्यतः ·३२ व ·२२ व्यासांची. परदेशी शस्त्रांच्या खाजगी आयातीवर १९८०–९० या दशकाच्या मध्यापासून कडक निर्बंध आले. तेव्हापासून जुनी वेब्ली, कोल्ट किंवा वॉल्थर बनावटीची ·३२ ची पिस्तुले परवानाधारकांमध्येच हातोहात विकली जातात व त्यांच्या किंमती मूळ योग्यतेच्या कितीतरी पट असतात. अशा शस्त्राचे वय पुष्कळदा साठ-सत्तर वर्षांचे असते. स्प्रिंगा थकलेल्या असतात, सुटे भाग मिळत नाहीत. नावाच्या मोहाने ते घेण्यात शहाणपणा नाही.

देशी उत्पादनात कानपूर येथील आयुध कारखान्यांचे ·३२ चे सहाबारी रिव्हॉल्व्हर दीर्घकाळ प्रचलित आहे. डिसेंबर १९१२ नव्हे, तर डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार-प्रकरणाने देश हादरला, त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. टिटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन सु. ५०० ग्रॅ. पर्यंत खाली आले. दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीतून ते विकले जाई. त्याची त्या वेळची किंमत १,२२,३६० रु. होती. ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्या एकट्या प्रवास करणाऱ्या नोकरदार व कष्टकरी स्त्रियांच्या आवाक्याबाहेरची ही रक्कम होय, अशी टीका तेव्हाच झाली आणि ती रास्त होती. त्यानंतर इशापूर येथील रायफल कारखान्याने ‘निडर’ हे ·२२ व्यासाचे, आठ गोळ्यांचे व केवळ २५० ग्रॅ. च्या आसपास वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमतही बरीच कमी होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे ·३२ चे रिव्हॉल्व्हर सादर केले. जुन्या रिव्हॉल्व्हरप्रमाणे ते मधोमध मोडून भरावे लागत नाही. त्याचे चक्र बाजूला काढून काडतुसे भरता येतात. त्याचे वजन सु. ७०० ग्रॅ. व नळी ७६ मिमी. लांब आहे. २०१६ च्या नियमांनंतर खाजगी कारखानदारीलाही वाव मिळाला असून वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी कंपनीचे ·३२ चे रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात बनू लागले आहे.

वजन, धक्का व गोळीची शक्ती : गोळी पुढे जाताना शस्त्र मागे ढकलले जाते. गोळीचा संवेग व शस्त्राचा संवेग सारखेच असल्याने शस्त्र जितके हलके, तितका त्याचा मागे येण्याचा वेग अधिक. ·३२ रिव्हॉल्व्हरच्या लांब काडतुसातील गोळी सु. ६·३५ ग्रॅ. वजनाची असून ती सेकंदाला सु. २१५ मी. वेगाने बाहेर पडते. दारूच्या वायूंचा हिशेब सोडला, तरी ७५० ग्रॅ. चे रिव्हॉल्व्हर यामुळे सेकंदाला सु. १·८ मी. वेगाने मागे येते व ५२५ ग्रॅ. चे सु. २·६ मी. वेगाने. हाताला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा पहिल्यात सु. १·२ जूल, तर दुसऱ्यात सु. १·८ जूल म्हणजे जवळजवळ दीडपट होते. ·३२ चा धक्का मुळात सौम्य असल्याने ही वाढ सोसण्यापलीकडची नाही. परंतु ज्या स्त्रीचा सराव बेताचा आहे, तिला पहिल्या गोळीनंतर नेम पुन्हा जागेवर आणण्यास लागणारा वेळ यामुळे वाढतो. त्याहून वाईट म्हणजे धक्क्याची धास्ती बसून चाप ओढण्याआधीच मनगट खाली दबते व गोळी नेमाखाली जाते. ही सवय एकदा जडली की, मोडण्यास फार कष्ट पडतात.

·२२ च्या काडतुसात हा प्रश्न उरत नाही. आखूड नळीतून सुटणारी त्याची गोळी सु. २·६ ग्रॅ. ची असून तिची ऊर्जा ८० ते १०० जूल भरते. ·३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीत ती सु. १४५ जूल आणि ·३२ पिस्तुलाच्या काडतुसात सु. १७५ जूल असते. तुलनेसाठी, सैनिकी ९ मिमी. मध्ये ती ४८० जूलच्या आसपास असते. याचा अर्थ भारतीय नागरिकास मिळणारी दोन्ही काडतुसे दुर्बल गटातील आहेत. हल्लेखोर एका गोळीने जागीच थांबेल, अशी खात्री त्यांतले कोणतेही देत नाही. तथापि तिन्ही प्राणघातक आहेत, हेही विसरता कामा नये. ·२२ च्या काडतुसाचा आणखी एक दोष असा की, त्यातील पेटविणारे द्रव्य कडेच्या पोकळीत भरलेले असल्याने न उडणाऱ्या काडतुसांचे प्रमाण मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांपेक्षा अधिक असते. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढची कोठी समोर येते, म्हणून ·२२ चे शस्त्र घ्यावयाचेच तर ते रिव्हॉल्व्हर असावे.

मूठ व चाप : प्रत्यक्ष नेमबाजीत वजनापेक्षा हाताचे माप अधिक निर्णायक ठरते. अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यात मूठ नीट बसविल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकले पाहिजे. बोट ताणावे लागत असेल, तर मूठ हातात फिरवून घेतली जाते व धक्का अंगठ्याच्या सांध्यावर बसतो. पुरुषाच्या पंजासाठी घडविलेली मूठ बदलून बारीक मूठ बसविणे हा येथे सोपा उपाय आहे. घोडा आधी न चढविता चाप ओढून गोळी झाडावयाची झाल्यास साधारणतः ४·५ ते ६ किग्रॅ. इतका जोर रिव्हॉल्व्हरच्या चापाला लागतो. २५ मी. पिस्तूल या स्पर्धाप्रकारात चापाचा किमान भार १ किग्रॅ. व शस्त्राचे कमाल वजन १·४ किग्रॅ. असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. म्हणजे जागतिक दर्जाची नेमबाज स्त्री जे शस्त्र वापरते, ते ‘निर्भीक’च्या अडीचपटीहून जड व चापाला कितीतरी हलके असू शकते. स्त्रीच्या हाताला हलके शस्त्रच पेलते, हा समज या एका उदाहरणानेही टिकत नाही.

जड चाप सर्वस्वी दोषच नव्हे. पर्समध्ये किंवा म्यानात ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरची तीच मुख्य सुरक्षितता असते. त्याला वेगळा सुरक्षा-खटका बहुधा नसतो व घाबरलेल्या हाताला तो शोधावाही लागत नाही. पिस्तूल चपटे असल्याने झाकण्यास सोयीचे असते. पण त्याची स्लाइड मागे खेचून पहिले काडतूस चढविण्यास बराच जोर लागतो आणि छोट्या पिस्तुलांत स्प्रिंग अधिक ताठ असल्याने तो मोठ्या पिस्तुलापेक्षाही जास्त लागू शकतो. मनगट सैल राहिल्यास स्लाइड पुरती मागे न जाता काडतूस अडकते. अडकलेले काडतूस मोकळे करण्याचा भरपूर सराव नसेल, तर पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरे. स्वतः हातात धरून, रिकामे चालवून पाहिल्यावाचून आणि शक्य असल्यास चांदमारीवर दहावीस गोळ्या झाडल्यावाचून कोणतेही शस्त्र घेऊ नये. नवऱ्याने किंवा भावाने पसंत करून आणलेले शस्त्र त्यांच्याच हाताच्या मापाचे निघण्याचा संभव असतो.

पोशाख व बाळगण्याची रीत : पुस्तकांतून सांगितलेल्या बहुतेक रीती कमरेचा भक्कम पट्टा गृहीत धरतात. साडीला पट्टा नाही. मराठी स्त्रीची पैसे, किल्ल्या वा तपकिरीची डबी ठेवण्याची परंपरागत जागा म्हणजे कनवट. अर्धा किलो लोखंडाचा भार तेथे टिकत नाही, निऱ्या सुटतात व चापाला संरक्षण मिळत नाही. सहावारी साडीखाली परकरावर बांधण्याचा रुंद कापडी पट्टा व त्यात शिवलेले म्यान हा चालण्यासारखा उपाय आहे. पण पदर व साडी बाजूस सारून शस्त्र हाती येण्यास वेळ लागतो. सलवार-कमीजच्या सैल कमीजखाली असाच पट्टा अधिक सुलभपणे वापरता येतो. कमीजला बाजूने काप असल्याने हात लवकर पोहोचतो, मात्र ओढणी अडते. पँट घालणाऱ्या स्त्रीला पुरुषांप्रमाणे म्यान वापरता येते. आखूड सदऱ्याखाली ते उठून दिसते, एवढीच अडचण.

या अडचणींमुळे बहुतेक स्त्रिया शेवटी पर्सकडे वळतात. पर्स हिसकावणे हा रस्त्यावरील चोरीचा नेहमीचा प्रकार आहे, म्हणजे चोराला पर्सबरोबर भरलेले शस्त्रही मिळते. पर्स बसच्या बाकावर, कचेरीतल्या टेबलाशी, पाहुण्यांच्या घरी पलंगावर ठेवली जाते आणि लहान मुले खाऊसाठी आईच्या पर्समध्येच हात घालतात. पर्समध्येच ठेवावयाचे असेल, तर शस्त्रासाठी स्वतंत्र, बंद होणारा कप्पा व त्यात चाप पूर्ण झाकणारे ताठ म्यान हवे. त्या कप्प्यात किल्ली, पेन, कंगवा असे दुसरे काहीही नसावे आणि पर्स खांद्यावरून कधीही खाली ठेवू नये. हे जिला दिवसभर पाळता येणार नाही तिने पर्समध्ये शस्त्र नेऊ नये.

सागरी हवामान : किनाऱ्यावरील गावांत शस्त्राचा मोठा शत्रू गंज हा होय. जामसंडे खाडी व समुद्र यांच्या सान्निध्यात आहे. क्षारयुक्त वारे, जून ते सप्टेंबरमधील संततधार आणि उन्हाळ्यातील घाम यांमुळे नुसता निळसर मुलामा दिलेल्या पोलादावर थोड्याच दिवसांत तांबूस ठिपके दिसू लागतात. अंगालगत बाळगलेले शस्त्र घामाने अधिक लवकर बिघडते. टिटॅनियमचा मिश्रधातू किंवा गंजरोधी पोलाद यांचा खरा फायदा येथे, वजनापेक्षा टिकाऊपणात, मिळतो. तथापि स्प्रिंगा व स्क्रू साध्या पोलादाचेच असल्याने पावसाळ्यात आठवड्यातून एकदा शस्त्र कोरडे पुसून तेलाचा पातळ हात द्यावा लागतो. चामड्याचे म्यान ओल धरते. म्हणून घरी आल्यावर शस्त्र त्यातून काढून ठेवावे. तेल काडतुसांना लागू देऊ नये, कारण ते टोपीतून आत झिरपून काडतूस निकामी होऊ शकते. दीर्घकाळ बाळगलेली काडतुसे सरावात संपवून नवी घ्यावीत.

वापराची मर्यादा : खाजगी बचावाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या उद्देशाने झालेला हल्ला, अम्लहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. पर्स पळवून धावत सुटलेल्या चोराच्या पाठीवर गोळी झाडणे त्यात बसत नाही. सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास अवसर असेल तेव्हा हा हक्क नसतो आणि बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. या सूक्ष्म भेदांचा निर्णय स्त्रीला काही क्षणांत, बहुधा अंधारात व एक-दोन मीटर अंतरावरून करावयाचा असतो. इतक्या जवळून झालेल्या झटापटीत शस्त्र हिसकावून घेतले जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. हल्ला करणारा परिचित किंवा घरातलाच असेल, तर पिस्तुलाचा उपयोग जवळजवळ शून्य असतो, उलट ते त्याच्याच हाती पडण्याची भीती असते. मिरपुडीचा फवारा, शिटी, ११२ या क्रमांकावरील साहाय्य यांना परवाना लागत नाही. ज्या स्त्रीला दरमहा चांदमारीवर जाणे शक्य नाही, तिच्या हाती हीच साधने अधिक कामाची आहेत. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात पिस्तुलाच्या सरावाची सोय जवळपास मिळणे कठीण असते, ही गोष्ट अर्ज करण्यापूर्वीच ध्यानात घ्यावयास हवी.

जतन व जमा : घरी शस्त्र रिकामे करून कुलपात व काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली परवानाधारक स्त्रीच्याच ताब्यात असावी. शस्त्र हरवल्यास वा चोरीस गेल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब कळवावे लागते. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. कोकणात लोकसभेच्या निवडणुका व आंब्याचा हंगाम एप्रिल-मेमध्ये एकत्र येत असल्याने बागायतदार या आदेशांना दर वेळी हरकत घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ मधील निर्णयानंतर सरसकट सर्वांची शस्त्रे जमा न करता छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, अशी पद्धत आली. जिच्या जीवितास धोका असल्याचे परवान्याच्या वेळीच मान्य झाले आहे अशा स्त्रीला, त्याच कारणाचा आधार घेऊन समितीकडे सवलत मागता येते. त्यासाठी पोलिसांत दिलेल्या मूळ तक्रारीची प्रत व परवान्याची प्रत अर्जासोबत जोडावी. सवलत न मिळाल्यास शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून त्याची पावती घ्यावी आणि परत घेताना शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या पावतीशी ताडून पाहावी.